रविवारचा गट कसा उभा राहतो

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति चढतं तर कधी खोल उतरतं असा आजार; वय चौतीस. 2018 साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा त्याला ट्रक विकावा लागला. वर्षभरात पहिला मेनिया, म्हणजे अति उत्साहाचा झटका आला, मग लागोपाठ दोनदा डिप्रेशन. आता अडीच वर्षं तो लिथियमच्या गोळ्यांवर स्थिर आहे, दुकान सांभाळतो, आणि 'माझ्यासारख्यांसाठी काहीतरी सुरू करूया' म्हणून ताईंच्या मागे लागलाय. ताई विचारतात : अशा माणसांनी एकमेकांना आधार देण्याचा गट सुरू कसा करायचा, माणसं कुठून आणायची, आणि आम्ही दोघंही डॉक्टर नाही, आमच्या हातून कुणाचं वाईट झालं तर?

मी मनोविकारांच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ती आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा फोंड्याकडच्या एका रविवारच्या गटाबरोबर गेली. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो सुटला नाही तर बाकीचे दोन विचारण्यात अर्थ नाही.

डॉक्टर नसलेली माणसं या कामात काय करू शकतात, हे जगात मोजक्या ठिकाणी नीट तपासलं गेलं आणि त्यातला एक आपला गोवा. 1996 साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेने 24 दवाखाने निवडले, त्यातल्या निम्म्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेली साधी माणसं समुपदेशक म्हणून बसवली आणि नैराश्य, चिंता असलेल्या रुग्णांचं काय होतं ते पाहिलं. सरकारी आरोग्य केंद्रांत फरक स्पष्ट दिसला. 2010 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे त्याच मंडळींनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांना घेऊन आणखी एक चाचणी केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर सहा ते आठ भेटी, आणि त्या भेटींत काय, तर माणसाला त्याच्या रोजच्या कामांकडे हळूहळू परत आणायचं. अंगणात येऊन बसणं, बाजारात जाऊन मासळी आणणं, सोडून दिलेला पेटीचा रियाज पाच मिनिटं करणं. त्यातही मदत झालेली दिसली. तेव्हा पदवी नाही म्हणून हात आखडून बसू नका.

पण हेही लक्षात घ्या की ती माणसं शिकवून तयार केलेली होती, त्यांच्यावर देखरेख होती आणि प्रश्न नैराश्याचा होता. तुमच्या भावाच्या डोक्यात आहे ते वेगळं. त्याला दुसऱ्यांवर उपचार करायचे नाहीत, आणि करूही नयेत. मग ज्याने आजार भोगलाय तो दुसऱ्याला असं काय देतो जे मी देऊ शकत नाही? हे मला एका फजितीतून कळलं.

गटाच्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट. आमच्यात एक सुतार होता, त्याला इथे मेस्त म्हणते. एरवी कोपऱ्यातल्या बाकावर बसून नखांतलं पॉलिश खरवडत राहायचा, विचारलं तर 'बरं आहे' एवढंच. त्या रविवारी मी पोचले तर हा आधीच हजर, बाकं गोलात मांडलेली. हातात गुलाबी कागदावर छापलेली पाचशे पत्रकं, स्वतःच्या पैशांनी. मडगावात हॉल बघून ठेवलाय, राज्यभरातल्या लोकांचा मेळावा घ्यायचा, मंत्र्यांना बोलवायचं. घसा बसलेला, तरी बोलणं थांबत नव्हतं. 'कधी केलंस रे एवढं?' म्हटलं तर 'रात्रीचं. रात्री कसं शांत असतं.' आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांत जोरात. इतकी वर्षं गप्प असलेला माणूस फुलला म्हणून मला भरून आलं होतं.

एक निवृत्त शिक्षिका मात्र हात मांडीवर ठेवून बसून होत्या. त्याही बायपोलर. त्यांनी विचारलं, "मेस्ता, काल किती वाजता आडवा झालास?" तो नुसता हसला. निघताना पायऱ्यांवर बाई मला म्हणाल्या, "घसा ऐकलात त्याचा? माझा असाच बसायचा." मी म्हटलं, "बाई, जरा आनंद घेऊ दे हो त्याला." नवव्या दिवशी तो वॉर्डमध्ये होता. मधल्या काळात तीन गिऱ्हाइकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम एका जुन्या जीपमध्ये गेली होती.

मेनिया चढताना माणसाला आपण आजारी आहोत असं वाटत नाही, उलट इतक्या दिवसांनी बरं वाटायला लागलं असं वाटतं. घरच्यांनाही तसंच वाटतं, कारण त्यांनी अंथरुणात पडलेला माणूस पाहिलेला असतो. माझ्यासारखीला पुस्तकातली लक्षणं पाठ असतात, पण ती सगळी जमून येईपर्यंत उशीर होतो. बाईंना बसलेल्या घशावरून कळलं. गटाकडे असलेली खरी ताकद ही, एवढीच. एकमेकांवर वेळेत नजर जाणं. बाकी सहानुभूती, धीर वगैरे शेजारीही देतो.

मात्र नजर ठेवायची तर ज्याच्यावर ठेवायची त्याची परवानगी हवी. नाहीतर ती गावकीची पाळत होते, आणि ती आपल्याकडे फुकट मिळते. परवानगीचा कागद मेस्तनेच काढला, बरा झाल्यावर. वहीच्या पानावर लिहून आणलं होतं : मी सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोपलो तर बाईंनी मला सांगावं, मी रागावलो तरी सांगावं. तिसऱ्या रात्री वहिनीने डॉक्टरांना फोन करावा. बँकेचं कार्ड वहिनीकडे. गिऱ्हाइकाचा आगाऊ पैसा महिनाभर घ्यायचा नाही. मी 'गोळ्यांची गरज संपली' म्हणालो तर माझ्याशी वाद घालू नका, मला जेवायला घाला आणि डॉक्टरांकडे न्या. शेवटचं वाक्य वाचताना सगळे हसले, तोही.

आता आमच्या गटात प्रत्येकाचा असा कागद असतो, आणि तो माणूस बरा असतानाच लिहितो. याला कायद्याचाही आधार आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती आपण स्वतः नेमू शकतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. पुढे आजार उलटला तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हेही आधी लिहून ठेवता येतं, पण ते रीतसर नोंदवावं लागतं, त्यासाठी माहितगाराला गाठा. वहीतलं पान वेगळं आणि कायद्यातलं निर्देशपत्र वेगळं, दोन्हींची गल्लत नको. भावाने आपली प्रतिनिधी म्हणून तुम्हालाच नेमावं असं मात्र गृहीत धरू नका, ताई. पुष्कळांना बहिणीपेक्षा मित्र बरा वाटतो.

झोपेचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलूया, कारण गोव्यात गट चालवायचा म्हणजे निम्मं काम पंचांग बघून करावं लागतं. रात्रीची झोप तुटणं हे मेनियाला आमंत्रण. आणि आपल्याकडे भक्ती, कला, मजा सगळं रात्री. चवथीला घरोघरच्या आरत्या करत घुमट वाजवणारी मंडळी पहाटे दोन-तीनला घरी पोचतात. जत्रेच्या नाटकाचा पडदा रात्री अकराला उघडतो, त्याआधी महिनाभर तालमी. शिगमा आहे, सप्ताह आहे, पेडण्याकडे दशावतार आहे. बायपोलर माणसाला 'हे सगळं सोड' म्हणणारा डॉक्टर दोन वर्षांत रुग्ण गमावतो. आमच्या गटात एक घुमटवाला आहे. त्याचं ठरलंय की पहिल्या दिवशी रात्री अकरापर्यंत तीन घरं, मग दुसरा घुमट घेतो. गोळी साडेनऊला, कुठेही असला तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करून 'किती तास?' एवढंच विचारायचं काम एकाला दिलेलं असतं. सहा वर्षं चाललंय.

लिथियमची गोष्ट त्याहून नाजूक. शिरगावच्या लईराई देवीचा एक तरुण धोंड, म्हणजे जत्रेसाठी व्रत धरणारा भक्त, आमच्याकडे यायचा. वैशाखातला उन्हाळा, व्रताचे उपास, पाणी कमी, आणि चालून पाय दुखले म्हणून दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. जत्रेआधी दोन दिवस त्याच्या हातातल्या बेताचे, म्हणजे वेताच्या काठीचे, गोंडे थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल राहीना म्हणून खांब धरायचा. बाजूचे म्हणाले, भार आलाय, अंगात देवी आलीय. गटातला एकजण तिथेच होता. त्याने हात धरून पाहिला आणि म्हणाला, "भार नव्हे, ही गोळीची थरथर. मी भोगलीय." तसाच गाडीत घालून नेला. रक्तातलं लिथियम फार वर गेलं होतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. उलट्या, जुलाब, जाड थरथर, बोबडं बोलणं, झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी न देता लगेच हॉस्पिटल. लिथियमची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करतात, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचीही अधूनमधून करावी लागते. हे गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. डोस किती, कोणती गोळी बरी, यावर मात्र गटात चर्चा नाही. 'मी बंद केली, मला काही झालं नाही' हे वाक्य आमच्याकडे एकाने म्हटलं आणि दोघांनी ऐकलं. त्या दोघांना सावरायला वर्ष गेलं.

आता माणसं कुठून आणायची. माझा पहिला प्रयत्न सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. रस्त्यावर मोठा फलक लावला, 'मानसिक आरोग्य जागृती शिबिर'. प्रोजेक्टर, दोन वक्ते, ऐंशी खुर्च्या. आले पंचसदस्य, शाळेचे दोन मास्तर आणि वक्त्यांचे नातेवाईक. बटाटेवडे उरले. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तो सगळ्या गावासमोर त्या फलकाखालून आत शिरेल, असं मला वाटलं तरी कसं? चार महिन्यांनी त्याच वाड्यावर 'झोप का येत नाही' एवढ्याच विषयावर गप्पा ठेवल्या. अकरा जण आले. दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या आपल्या मुलखात झोपेबद्दल बोलायला कुणाला लाज नाही. त्या अकरातले तिघे पुढे गटात आले, आणि एकाची बायको.

'गट' या शब्दाचाही घोटाळा होतो. खेडेगावात गट म्हणजे बचत गट. पहिल्या महिन्यात दोन बायका कर्ज किती मिळतं ते विचारून गेल्या. आम्ही 'रविवारची बैठक' म्हणायला लागलो.

फलकाऐवजी ज्यांना आधी कळतं त्यांना भेटा. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला ठाऊक असतं की कुठल्या घरचं दार आठ दिवस उघडलेलं नाही. औषधाच्या दुकानदाराला ठाऊक असतं की कोण प्रिस्क्रिप्शन घेऊन दोन महिने फिरकलेलं नाही. अंगणवाडी सेविकेला ठाऊक असतं की कुठली बाळंतीण मुलाकडे बघत नाही. त्यांच्याकडून नावं मागायची नाहीत, हे कटाक्षाने पाळा. तुमचा नंबर त्यांच्याकडे ठेवा, द्यायचा की नाही ते ती ठरवतील. देवाला कौल लावणाऱ्या घाड्याकडेही जा. लोक डॉक्टरच्या आधी देवाचा कौल घेतात, पुढेही घेणार. मी सुरुवातीला एका घाड्याशी भांडले आणि तो सगळा वाडा आम्हाला बंद झाला. नंतर एका दुसऱ्याने स्वतःच सांगितलं, "बाई, नारळ माझा, गोळी तुमची." अशा घाड्याशी भांडण कसलं? मारहाण, कोंडून ठेवणं, गोळ्या बंद करायला लावणं असेल तिथे मात्र गप्प बसू नका.

जागा निवडताना चुकू नका. देवळाची अग्रशाळा फुकट मिळते, पण तिथे पाळीच्या दिवसांत बायका येत नाहीत आणि ख्रिस्ती शेजारी उंबऱ्यावर अडखळतो. पंचायत घराच्या दारात सगळं गाव उभं. आम्ही पटसंख्या घसरलेल्या एका सरकारी मराठी शाळेतला वर्ग रविवारचा मागून घेतला. पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसतो, फळ्यावर पाढे असतात. दुसरं म्हणजे तुमच्या गावचे लोक तुमच्या गटात येणार नाहीत, दोन बसस्टॉप पलीकडचे येतील. गोव्यात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. डिचोलीची माणसं म्हापशाला जातील, म्हापशाची तुमच्याकडे येतील. वाईट वाटून घेऊ नका. बांबोळीचंही तसंच आहे. तिथे सरकारी मनोविकार संस्था आहे, पण गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल, शेजारीच असल्यामुळे बसमध्ये 'बांबोळीला चाललोय' म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. या आडोशामुळे कितीतरी जण ओपीडीपर्यंत पोचले.

बैठकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दर रविवारी, पाऊस असो वा मॅच, त्याच वेळी, दीड तास. दोघंच आले तरी घ्यायची. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, आजाराचं तर नाहीच. इथलं बोलणं बाहेर नाही. उसने पैसे नाहीत. कुणाच्या घरी जायचं तर दोघांनी. दारू पिऊन येणाऱ्याला घरी सोडायचं आणि पुढच्या रविवारी बोलवायचं. फेणीच्या बाटलीमागे डिप्रेशन लपवलेले पुरुष आपल्याकडे पुष्कळ, त्यांना पहिल्याच दिवशी हाकललंत तर ते परत येत नाहीत.

भावाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. गट चालवणाऱ्याला काही दिवसांनी वाटायला लागतं की माणसं आपल्यामुळे बरी होतात. पणजीत आबे फारियांचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरलेला? संमोहन करणारा कांदोळीचा हा माणूस दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसात सांगत होता की झोपवणाऱ्याच्या अंगात कसलीही शक्ती नसते, जे होतं ते झोपणाऱ्याच्या मनात होतं. पुतळ्यात मात्र लोकांना हातच दिसतात. तुमचा भाऊ गटाचा पाया आहे, पण त्याला सुट्टीचा हक्क ठेवा. त्याची झोप बिघडली तर बैठक दुसऱ्याने घ्यायची, आणि हे त्याच्या कागदावर पहिल्या ओळीत.

राहिली तुमची भीती. कधीतरी कुणीतरी 'जगावंसं वाटत नाही' म्हणेल. तेव्हा विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव देण्याचा विचार येतो का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, आणि पुष्कळदा माणूस सुटल्यासारखा श्वास सोडतो. येतो म्हणाला तर त्याला एकटं ठेवू नका, घरातल्या औषधांचा आणि शेतावरच्या कीटकनाशकांचा साठा दुसरीकडे हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, अगदीच तातडी असेल तर 108. पोलिसांच्या भीतीने कुटुंबं लपवतात, म्हणून हेही सांगा : 2017 च्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं असतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं 309 कलम नाही.

तरीही एखादा माणूस जाईल. आमचा एक गेला, सातव्या वर्षी. ठरलेला रविवार यायला पाच दिवस होते, आम्ही दुसऱ्याच संध्याकाळी जमलो. त्याच्या बाकावर कुणी बसलं नाही. बाई म्हणाल्या, आज प्रत्येकाने गोळी घेतली का ते सांगूनच घरी जायचं. बारा जणांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर रोज रात्री कुणीतरी कुणाला तरी फोन करत होतं. मी स्वतः एका मानसोपचारतज्ज्ञाकडे चार वेळा जाऊन बसले. तुमच्याही मागे असं कुणीतरी हवं. बैठकीत न येणारा, पण फोन उचलणारा एक डॉक्टर किंवा समुपदेशक पक्का झाल्याशिवाय पहिली बैठक लावू नका.

खर्च म्हणाल तर चहा, पाव आणि भाजी. पैसे देतो म्हणणारा कुणी आला तर वर्षभर थांबायला सांगा. आणि भावाला आजच विचारा, तुमच्या वाड्यावर चवथीची शेवटची आरती किती वाजता संपते. त्याच्या कागदाची सुरुवात तिथून होईल.